खाडीचे दप्तर : एक प्रस्तावना

साष्टीचे बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये पसरलेली, दक्षिणेकडे मुंबई बंदराच्या विस्तीर्ण पाण्यात मिसळून जाणारी आणि उत्तरेकडे निमुळती होत होत ठाण्यापाशी एका अरुंद प्रवाहाने उल्हास नदीशी संबंध राखणारी जी सुमारे २६ किलोमीटर लांबीची ठाण्याची खाडी, तिच्यावरील पुलांविषयी, तिच्या काठच्या कोळीवाड्यांविषयी, तिच्या तिवरांविषयी आणि अलीकडे तिच्या उथळ पाण्यात उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या थव्यांविषयी मराठीत बरेच लिहिले गेले आहे; परंतु ओहोटी लागताच उघडा पडणारा, पाय टाकणाऱ्याला गुडघ्यापर्यंत ओढून घेणारा आणि पुलावरून जाणाऱ्या वाटसरूला नाकाशी रुमाल धरायला लावणारा जो तिचा काळा गाळ, त्याच्याकडे घाण यापलीकडे अन्य कोणत्या दृष्टीने पाहण्याची आपल्याला सवय नाही. प्रस्तुत ग्रंथाचा विषय हा गाळच आहे. आणि त्यातही त्या गाळात रुतून राहिलेला दुहेरी ऐवज आहे : एकीकडे शिसे, पारा, जस्त, तांबे, निकेल, क्रोमियम, कॅडमियम हे जड धातू, आणि दुसरीकडे काही आकाशातून, काही खडकातून, काही मनुष्याच्या अणुभट्ट्यांतून आणि बाँबस्फोटांतून आलेले किरणोत्सर्गी समस्थानिक.

हे दोन विषय एकाच बासनात का बांधावेत, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे, कारण पहिला रसायनशास्त्राच्या आणि दुसरा पदार्थविज्ञानाच्या मुलखातला. त्याचे उत्तर जुन्या गावकुलकर्ण्याच्या दप्तरावरून देता येईल. एखादी रक्कम जमा झाल्याची नोंद त्या दप्तरात सापडली, परंतु ती कोणत्या सालची हे कोठेच लिहिलेले नसले, तर तिच्या आधारे कोणाकडून वसुली करता येत नाही की कोणाला निर्दोष ठरवता येत नाही. खाडीतील धातूंची गोष्ट तंतोतंत अशीच आहे. गाळाच्या एका थरात शिसे किती आहे हे प्रयोगशाळा सांगू शकते. परंतु तो थर आगगाडी येण्यापूर्वीचा, कारखान्यांच्या भरभराटीचा की परवाच्या पावसाळ्यातला, हे धातू स्वतः सांगत नाहीत. ती तारीख समस्थानिक सांगतात. धातू रक्कम देतो, समस्थानिक साल देतो, आणि दोहोंची रुजवात घातल्याखेरीज खाडीविषयी केलेले कोणतेही विधान, मग ते कारखानदाराच्या बाजूचे असो की विरुद्धचे, पुराव्याच्या कसोटीला उतरत नाही. या ग्रंथाचे सारे प्रतिपादन या एका गोष्टीभोवती फिरते, आणि माझ्या मते तेच त्याचे सामर्थ्य आहे.

या शास्त्राचा आरंभच मुळी जड धातू आणि किरणोत्सर्गी द्रव्य यांना एकमेकांपासून वेगळे करण्याच्या एका अयशस्वी प्रयत्नातून झाला, ही गोष्ट येथे विस्ताराने सांगण्यासारखी आहे. १९११ साली मँचेस्टरला रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत जॉर्ज द हेवेशी नावाचा एक तरुण हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ काम करीत होता. बोहेमियातील योआखिमस्थाल येथील पिचब्लेंड या खनिजातून रेडियम काढून घेतल्यावर मागे उरलेले शिसे ऑस्ट्रियाच्या सरकारने रदरफोर्ड यांना मोठ्या प्रमाणात दिले होते, आणि त्या शिशात त्या काळी रेडियम-डी या नावाने ओळखले जाणारे एक किरणोत्सर्गी द्रव्य मिसळलेले होते. ते उपयोगी पडावे तर शिशापासून निवडून काढले पाहिजे, आणि ते काम हेवेशीच्या वाट्याला आले. जे जे रासायनिक उपाय त्या काळी ज्ञात होते ते सर्व त्याने करून पाहिले आणि सर्व फसले, कारण रेडियम-डी म्हणजे शिशाचाच एक समस्थानिक आहे आणि रसायनाच्या कोणत्याही कसोटीला तो शिशाहून निराळा वागत नाही, हे ज्ञान तेव्हा अद्याप परिपक्व व्हायचे होते. हेवेशीची बुद्धिमत्ता दिसते ती यापुढे. हे द्रव्य जर शिशाची संगत कधीच सोडत नसेल, असा त्याने विचार केला, तर शिसे जेथे जाईल तेथे तेही जाईल, आणि शिशाचा जो अंश तराजूत पकडता येत नाही तो त्याच्या किरणांवरून मोजता येईल. १९१३ मध्ये व्हिएन्नाच्या रेडियम संशोधन संस्थेत फ्रिड्रिख पानेट यांच्या सहकार्याने त्याने शिशाच्या अत्यल्प विद्राव्य क्षारांवर ही युक्ती चालवून दाखवली. आणि पुढे रसायनशास्त्राचे १९४३ सालचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले ते याच मागोवक पद्धतीसाठी. मँचेस्टरच्या ज्या खानावळीत तो राहत असे तेथील बाई कालचे उरलेले अन्न आज पुन्हा वाढते अशा संशयाने त्याने एकदा आपल्या उष्ट्यात किरणोत्सर्गी द्रव्याचा कण टाकून तिला पुराव्यानिशी पकडले, अशी आख्यायिका सांगतात. खानावळीत आयुष्याची उमेदीची वर्षे काढलेल्या मराठी वाचकाला या शास्त्राविषयी आपुलकी वाटायला एवढी गोष्ट पुरेशी असावी.

ते रेडियम-डी म्हणजेच आजचे शिसे-२१०. जगातील पहिले मागोवक द्रव्य आणि आज खाडीच्या गाळाचे वय सांगणारे मुख्य द्रव्य ही एकच आहेत, आणि ते द्रव्य स्वतः जड धातू आहे.

शिसे-२१० गाळात येते कसे, त्याचा मार्ग असा. पृथ्वीच्या खडकांत सर्वत्र अल्पांशाने असलेल्या युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षांचे. त्याच्या वंशावळीत पायरीपायरीने खाली उतरत आल्यावर १६०० वर्षे अर्धायुष्याचे रेडियम-२२६ लागते, आणि रेडियमपासून रेडॉन हा वायू उत्पन्न होतो. सर्व पूर्वज घन आणि हा एकटा वायुरूप, म्हणून जमिनीच्या भेगांतून तो हवेत निसटतो. परंतु त्याचे अर्धायुष्य अवघे ३.८ दिवसांचे असल्याने हवेत असतानाच त्याचा ऱ्हास होतो, आणि काही अल्पजीवी टप्प्यांनंतर शिसे-२१० निर्माण होऊन धुळीच्या कणांना चिकटते व पावसाबरोबर किंवा धुळीबरोबर खाली येते. आपल्या किनाऱ्यावर या व्यवहाराला एक स्थानिक वळण आहे : नैर्ऋत्येकडून येणारा मोसमी वारा अफाट समुद्रावरून आलेला असल्यामुळे त्यात रेडॉन अत्यल्प, आणि हिवाळ्यात जमिनीवरून वाहणाऱ्या वाऱ्यात तो पुष्कळ अधिक. तेव्हा ही आवक बारा महिने सारखी नसते; वर्षांच्या सरासरीने मात्र ती बरीच स्थिर मानता येते, आणि कालगणनेला तेवढी स्थिरता पुरते. याप्रमाणे वरून आलेले शिसे-२१० गाळाच्या पृष्ठावर जमा झाले, त्यावर नवा थर बसला, आणि खालच्या थराचा बाहेरच्या पुरवठ्याशी संबंध तुटला, की त्याचा जमाखर्च बंद होऊन केवळ ऱ्हास चालू राहतो : २२ वर्षांहून किंचित अधिक काळात अर्धे, त्याच्या दुप्पट काळात पाव, आणि सुमारे १११ वर्षांनंतर बत्तिसावा हिस्सा. गाळातील कणांत मुळातच असलेल्या रेडियमपासून जे शिसे-२१० सतत होत राहते ते वजा टाकावे लागते. उरते ते ‘वरकड’ शिसे, आणि घड्याळ ते चालवते. शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडे या घड्याळाचा काटा दिसेनासा होतो. मुंबईची पहिली कापडगिरणी निघाली १८५४ मध्ये, आणि बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली त्याच्या आदल्या वर्षी. म्हणजे त्या काळाची नेमकी तारीख शिसे-२१० कडून मिळण्याची आशा आता नाही. विसाव्या शतकाचा इतिहास मात्र जवळजवळ संपूर्ण त्याच्या हुकमतीत येतो.

ही पद्धत प्रथम एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९६३ मध्ये हिमनद्यांच्या बर्फाचे वय काढण्यासाठी मांडली. ती सरोवरांच्या गाळाला लागू करण्याचे काम ज्या निबंधाने केले तो १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या लेखकांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. कृष्णस्वामी आणि देवेंद्र लाल हे होते. आज जगातील कोणत्याही खाडीच्या, तळ्याच्या किंवा त्रिभुज प्रदेशाच्या गाळाचे वय काढणारा मनुष्य त्यांच्या ऋणात असतो. ज्या शहराच्या एका टोकाला हे काम झाले त्याच्या दुसऱ्या टोकाला त्याचे सर्वांत निकडीचे क्षेत्र पसरलेले असावे, ही गोष्ट आपल्याकडील विज्ञानाच्या इतिहासलेखनात यापूर्वीच ठळकपणे यायला हवी होती.

दुसरा साक्षीदार सीझियम-१३७. हा निसर्गात नाही म्हटले तरी चालेल. वातावरणात झालेल्या अण्वस्त्रचाचण्यांची धूळ जगभर पसरून १९५० नंतरच्या दशकात तो गाळात दिसू लागला, १९६१ व १९६२ या दोन वर्षांतील प्रचंड स्फोटमालिकेनंतर १९६३ मध्ये त्याची वृष्टी शिगेला पोचली, आणि त्याच वर्षी ५ ऑगस्टला मॉस्को येथे अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी वातावरणातील चाचण्यांवरील बंदीचा करार केल्यावर ती झपाट्याने उतरली. त्यामुळे गाळाच्या उभ्या कापात सीझियमचे जे शिखर सापडते त्याच्यावर १९६३ चा शिक्का मारता येतो. मनुष्यजातीने आपल्या इतिहासातील अत्यंत बेजबाबदार कृत्यांपैकी एक करून ठेवले, आणि त्याची राख तिच्या इतर कृत्यांचा कालनिर्णय करण्यास उपयोगी पडू लागली. एका मलिनतेने दुसऱ्या मलिनतेची तारीख सांगावी असा हा मामला आहे. तारीख सांगणारी ही खूणही मात्र विरत चालली आहे. ३० वर्षे अर्धायुष्य असल्यामुळे १९६३ च्या थरातील सीझियम आता पावाहूनही कमी उरले आहे. शिवाय ती वृष्टी उत्तर गोलार्धाच्या मध्य अक्षांशांवर सर्वाधिक झाली, मुंबईच्या अक्षांशावर मुळातच कमी.

ठाण्याच्या खाडीत या साक्षीला आणखी एक अडचण आहे आणि ग्रंथकाराने ती न लपवता सांगितली याचा मला आनंद वाटतो. खाडीच्या पश्चिम काठावर ट्रॉम्बे येथे देशाचे अणुसंशोधन केंद्र उभे राहिले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथील अप्सरा ही आशियातील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली, आणि वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढणारा कारखाना १९६४ मध्ये सुरू झाला. तेथील अल्प किरणोत्सर्गाचे द्रवरूप टाकाऊ पाणी प्रक्रिया करून आणि ठरवून दिलेल्या मर्यादांच्या आत याच पाण्यात सोडले जाते. म्हणजे जगभराच्या धुळीने जेथे १९६३ ची सही केली, नेमके तेथेच अगदी लागून दुसऱ्या हाताचे अक्षर सुरू होते. अशा ठिकाणी सीझियमच्या शिखरावर डोळे मिटून १९६३ लिहिणे म्हणजे पुराव्याशी बेइमानी होय. त्यातच आपल्या दख्खनच्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट जातीच्या मृत्तिकेचे प्राबल्य. युरोपातील इलाइट मृत्तिकेच्या पापुद्र्यांत सीझियम जसे घट्ट अडकून बसते तसे ते हिच्यात बसत नाही, आणि खाऱ्या पाण्यातील सोडियम व पोटॅशियम तेथून त्याला हुसकावून लावण्यास टपलेलेच असतात.

गाळ कसा साचतो ते पाहिल्यावर मगच धातूंकडे वळावे. नदी सह्याद्रीवरून जी बारीक माती आणते तिचे कण ऋण विद्युत्भाराने परस्परांना दूर ठेवीत गोड्या पाण्यात तरंगत येतात; खारे पाणी भेटताच तो भार निष्प्रभ होतो, कणांचे पुंजके बनतात, आणि पुंजके जड होऊन बसतात. नदीने वाटेत गोळा केलेले धातू बहुतांशी या कणांवर, कणांना लपेटणाऱ्या लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांवर आणि सेंद्रिय द्रव्यावर चिकटलेले असल्याने तेही कणांबरोबर तळाशी जातात. समुद्र दिसताच नदी आपला ऐवज टाकून देते, म्हणून खाडी ही जगात सर्वत्र धातूंची पहिली जप्तीची जागा ठरली आहे. उधाणाच्या भरतीत पाच मीटरांच्या घरात चढउतार होणाऱ्या मुंबईच्या पाण्यात हा गाळ एकदाच बसून स्वस्थ राहत नाही. उधाणाला उठतो, भांगाला बसतो, पुन्हा उठतो. पावसाळा सोडल्यास गोड्या पाण्याचा पुरवठा तुटपुंजा असल्याने ठाण्याकडच्या निमुळत्या टोकातून तो बाहेर पडण्याची शक्यता तर फारच थोडी.

आता रक्कम जमा दिसली की लगेच कारखान्याच्या नावावर टाकण्याची जी घाई वर्तमानपत्रांत आणि कधीकधी विद्वानांच्या अहवालांतही आढळते, तिच्याविषयी. गाळातील धातूंची तुलना करण्यासाठी टुरेकियन आणि वेडेपोल यांनी १९६१ मध्ये दिलेली सरासरी शेल खडकाची कोष्टके जगभर वापरली जातात. त्यांत दर किलोग्रॅमला तांबे ४५ मिलिग्रॅम, निकेल ६८, क्रोमियम ९० आणि शिसे २० असे आकडे आहेत. परंतु आपली खाडी शेलच्या प्रदेशात नाही. तिच्या भोवतीचा सारा मुलूख बेसाल्टचा, आणि त्याच दोघा शास्त्रज्ञांच्या त्याच कोष्टकात सरासरी बेसाल्टचे आकडे तांबे ८७, निकेल १३०, क्रोमियम १७० आणि शिसे ६ असे आहेत. याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. शेलच्या मापाने मोजले तर आपल्या खाडीतील स्वच्छ, मनुष्याचा हात न लागलेला गाळसुद्धा तांबे, निकेल आणि क्रोमियम यांच्या बाबतीत आरोपी ठरतो, आणि जेथे खरोखर संशय घ्यावा त्या शिशाच्या बाबतीत मात्र वीस मिलिग्रॅमपर्यंत तो निर्दोष सुटतो. वस्तुतः बेसाल्टच्या मुलखात शिसे मुळात इतके थोडे, की त्यातील वाढ ही प्रथमदर्शनीच बाहेरची समजावी. म्हणून खरे मूळमाप पुस्तकात शोधू नये, त्याच खाडीच्या खोल थरांत, जेथे समस्थानिकांच्या साक्षीने उद्योगपूर्व काळ सिद्ध होतो तेथे, शोधावे. त्याखेरीज रेती आणि चिखल यांचा भेदही सांभाळावा लागतो, कारण धातू चिकटतात ते बारीक कणांवर आणि रेती मिसळली की आकडा विनाकारण खाली येतो. यासाठी धातूचे प्रमाण ॲल्युमिनियमशी भागून पाहण्याचा शिरस्ता आहे. हे सर्व क्लिष्ट वाटेल, परंतु यातली एक पायरी गाळली की पुढचा निवाडा उलटा लागतो.

आणि खाडी हे दप्तर सांभाळते कसे? पूर्वी बंद केलेल्या पानांत खाडाखोड करण्याची खोड तिला आहे. चिंबोऱ्या बिळे पाडतात, निवट्या चिखल उकरतात, कृमी वरची माती खाली आणि खालची वर नेतात; त्यामुळे वरचे काही सेंटिमीटर एकजीव होऊन तेथील तारखा पुसल्या जातात. याहून सूक्ष्म फेरफार रसायनाचा. गाळाच्या पृष्ठाखाली थोड्याच अंतरावर प्राणवायू संपतो. मग तेथील जीवाणू श्वसनासाठी प्रथम नायट्रेट, मग मँगनीजचे ऑक्साइड, मग लोहाचे, आणि शेवटी समुद्राच्या पाण्यातील सल्फेट वापरू लागतात. ऑक्साइड विरघळले की त्यांना चिकटलेले धातू सुटतात, छिद्रांतील पाण्यातून वर सरकतात, आणि पृष्ठाजवळ प्राणवायू भेटताच नव्या ऑक्साइडांवर पुन्हा बसतात. परिणामी वरच्या थरात धातूंचे एक शिखर उभे राहते आणि अननुभवी वाचक म्हणतो की प्रदूषण अलीकडे वाढले. वास्तविक जुनीच रक्कम नव्या पानावर ओढून आणलेली असते. सल्फेटपासून होणारा हायड्रोजन सल्फाइड, ज्याच्या वासाबद्दल खाडी बदनाम आहे, तो मात्र एक उपकार करतो : कॅडमियम, जस्त, तांबे, शिसे आणि पारा यांना सल्फाइडाच्या रूपात तो बांधून ठेवतो. ज्या दुर्गंधीला आपण नाके मुरडतो तिच्यामुळेच विष जागच्या जागी राहते, हे कोणत्याही नगरपालिकेच्या सभेत सांगून पटणारे नाही.

या सर्व अडचणी ओलांडून ठाण्याच्या खाडीत काम झाले आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि त्यानंतर खाडीच्या पूर्व काठावर ठाणे–बेलापूर पट्ट्यात रसायने, रंग, औषधे आणि धातूकाम यांचे कारखाने एकापुढे एक उभे राहिले. कॉस्टिक सोडा करण्याच्या तेव्हाच्या पद्धतीत पाऱ्याचे विद्युत्‌घट वापरीत, आणि पारा त्यातून निसटत असे. खाडीतील पाऱ्याविषयीचा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. आणि १९९९ मध्ये शिसे-२१० च्या साहाय्याने तारखा लावून पारा आणि निकेल यांच्या संचयाचा इतिहास मांडणारा निबंध आला. या दोन कामांमधील अंतर म्हणजे या ग्रंथाच्या विषयाची वाढच होय : पहिल्याने किती ते विचारले, दुसऱ्याने केव्हापासून ते विचारले. निकेलमध्ये बेसाल्टचा वाटा असतो आणि पाऱ्यात तो जवळजवळ नसतो, म्हणून ही जोडी परस्परांची रुजवात घालण्यास चांगली. शिशाच्या बाबतीत आणखी एक तारीख वाचकाने जवळ ठेवावी : २००० सालच्या आरंभापासून आपल्या देशात सर्वत्र शिसेरहित पेट्रोल आले. त्यानंतरच्या थरांत शिसे उतरत नसेल, तर ते कोठून येत आहे हा प्रश्न मोटारींना न विचारता अन्य कोणाला तरी विचारावा लागेल.

परदेशातील एका नदीमुखाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, कारण तेथे जे घडले त्याने या शास्त्राची दिशा बदलली. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर रेव्हनग्लास या खेड्यापाशी एस्क, माइट आणि इर्ट या तीन लहान नद्या एकत्र येऊन आयरिश समुद्रास मिळतात. आणि त्यांच्या थोड्या उत्तरेस विंडस्केल, ज्याचे नाव १९८१ मध्ये बदलून सेलाफील्ड करण्यात आले, येथील अणुइंधन कारखान्याने १९५२ पासून नळावाटे समुद्रात टाकाऊ द्रव सोडले. सीझियम-१३७ चा विसर्ग १९७५ मध्ये शिगेला पोचला. त्या एका वर्षात तो ५००० टेराबेक्वेरलांहून अधिक होता. किती सोडावे याची मर्यादा ठरवताना त्या काळी विचार झाला तो कंब्रियाच्या खडकांवरून खुडलेल्या आणि दक्षिण वेल्समध्ये लेव्हरब्रेड म्हणून आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या एका समुद्रशेवाळाचा. हिशेब काळजीपूर्वक केलेला होता, परंतु समुद्र विसर्गाला पातळ करून दूर नेईल हे त्यातील गृहीतक गाळाने अंशतः खोटे पाडले. प्लुटोनियम आणि अमेरिशियम यांचा मोठा भाग जवळच्या चिखलाच्या पट्ट्यात बसला, भरतीबरोबर तो चिखल रेव्हनग्लासच्या खाजणांत आला, आणि विसर्ग अनेक पटींनी कमी झाल्यानंतर आज असे दिसते की आयरिश समुद्राच्या पाण्यात येणाऱ्या सीझियम व प्लुटोनियमचा मुख्य पुरवठा कारखाना करीत नाही, जुना गाळ करतो. कारखाना थांबला म्हणजे खाते बंद झाले असे समजणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हा दाखला वाचावा.

गोव्याचे प्रकरण या ग्रंथात तुलनेने लहान आहे आणि ते तसेच असणे योग्य, कारण तेथील प्रश्न निराळ्या जातीचा. मांडवी आणि जुवारी या नद्यांतून कित्येक दशके बार्जांनी लोहखनिज मुरगाव बंदराकडे नेले. उघड्या खाणींची लाल माती पावसाळ्यात नद्यांत येई. लोह आणि मँगनीज ही स्वतः विशेष विषारी नव्हेत, परंतु इतर धातूंना धरून ठेवणारी ऑक्साइडे त्यांचीच, म्हणून तेथील गाळात पकडण्याची शक्ती अधिक. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा त्या गाळाचे काय झाले, हा अभ्यास अजून पुरा व्हायचा आहे.

मागोवक द्रव्ये नेहमीच योगायोगाने आलेली असतात असेही नाही. काही आपण होऊन टाकलेली असतात. बंदरातून उपसलेला गाळ समुद्रात कोठे टाकला असता तो भरतीबरोबर पुन्हा बंदरात येणार नाही, हे ठरवण्यासाठी स्कँडियम-४६ मिसळलेली काच गाळाच्या कणांएवढी बारीक दळून तळावर सोडतात आणि होडीतून शोधक यंत्र खाली सोडून ती कोणत्या दिशेला किती सरकली ते आठवडेच्या आठवडे पाहतात. तिचे अर्धायुष्य सुमारे ८४ दिवसांचे असल्याने काम झाल्यावर ती फार काळ मागे राहत नाही. मुंबई आणि हुगळी येथे ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी ही पद्धत यशस्वीपणे वापरली. गाळ उपसण्याच्या ठेक्यांची रक्कम पाहता या प्रयोगांनी वाचवलेला पैसा मोजदादीच्या बाहेर असावा, आणि त्यांची प्रसिद्धी मात्र नगण्य.

उपशाचा प्रश्न ग्रंथाच्या उत्तरार्धात आला आहे आणि तेथे ग्रंथकाराचा आवाज किंचित चढला आहे. मला ते अनुचित वाटत नाही. वर ज्या सल्फाइडाने विष बांधून ठेवल्याचे सांगितले, तो काळा गाळ यंत्राने उचलून हवेत आणला की सल्फाइडाचे ऑक्सिडीकरण होते, आम्ल तयार होते आणि धातू सुटतात. पूल, जेटी, भराव, नौकानयनाचा मार्ग अशी कामे खाडीत येत राहणार; २०१५ मध्ये तिचा एक भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर क्षेत्र म्हणून जाहीर झाल्याने ती थांबणार नाहीत. तेव्हा गाळ उपसण्यापूर्वी कोणत्या खोलीवर कोणत्या काळाचा थर आहे हे पाहण्याची तजवीज ठेक्याच्या अटींतच असावी, कारण शेजारशेजारच्या दोन मीटर खोलीत एक थर निरुपद्रवी आणि दुसरा कारखान्यांच्या ऐन भराचा असू शकतो. तोच वरचा चिखल गाळून रोहित पक्षी पोट भरतात, त्याच चिखलात कोळिणी कालवे आणि तिसऱ्या वेचतात. आणि पाऱ्याला मेथिल पाऱ्यात बदलून अन्नसाखळीत चढवणारे जीवाणू राहतात ते याच गाळाच्या प्राणवायूविरहित थरांत. जपानमधील मिनामाताच्या उपसागरात १९५६ मध्ये जो रोग उघडकीस आला त्याचे कारण हेच मेथिल पारद होते. तेथे ते कारखान्यातच तयार होऊन आले होते एवढाच फरक.

ग्रंथ कसा वाचावा याविषयी थोडी सूचना करून लेखणी खाली ठेवतो. धातूंचे सर्व आकडे कोरड्या गाळाच्या एका किलोग्रॅमला मिलिग्रॅम या मापात दिले आहेत, किरणोत्सर्गाचे बेक्वेरलमध्ये. ओल्या गाळाचे आकडे इतर अहवालांतून आणून त्यांच्याशी ताडून पाहू नयेत, कारण ओल्या चिखलात निम्म्याहून अधिक पाणी असू शकते. कालगणनेच्या गणिताचे प्रकरण ज्यांना जड वाटेल त्यांनी ते निःशंकपणे सोडून पुढे जावे. तक्त्यांखालील बारीक टिपा मात्र कोणी सोडू नयेत. नमुना कोणत्या काठाचा, कोणत्या महिन्यातला, उधाणाचा की भांगाचा, आणि गाळाची कांडी बाहेर काढताना तिचा वरचा थर शाबूत राहिला होता की ढवळला गेला होता, हे सर्व तेथेच नमूद केले आहे.